ड्रेडलॉक्स धुतल्यावर शाम्पू आत राहू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ महिन्यांपूर्वी क्रोशाच्या सुईनं ड्रेडलॉक्स (केस गुंतवून केलेले दोरीसारखे झुपके, एका झुपक्याला म्हणायचं लॉक) करून घेतलेत, खांद्याच्या थोडे खाली येतात, दर आठवड्याला धुतले जातात. वाळल्यावर मात्र ते मेणचट लागतात, एखादा दाबून पाहिला तर आत पांढरट काहीतरी दिसतं आणि दुसऱ्या दिवसापासून कुबट वास येतो. शाम्पू तीनदा बदलून झाला, आता कोणता घ्यावा?

चौथा शाम्पू घेऊ नका, निदान आत्ताच नको. दहापैकी आठ वेळा दोष शाम्पूचा नसतो. तो किती घेतला, कसा लावला आणि किती काढला, यात गडबड असते. मोकळ्या केसांत प्रत्येक केसाला पाणी लागतं, त्यामुळे मिनिटभरात शाम्पू निघून जातो. लॉकचं गणित गोधडीसारखं आहे. वरून पाणी ओतलं की वरचा थर स्वच्छ होतो, आतल्या थरांत शिरलेला साबण तिथंच बसतो आणि दाबल्याशिवाय बाहेर येत नाही. लॉक जितका जाड तितकं हे अवघड. जाडी दुप्पट झाली की आतला साबण बाहेर यायला आणि आतलं पाणी सुकायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून करंगळीएवढे लॉक्स असलेल्या मैत्रिणीची पद्धत अंगठ्याएवढे लॉक्स असलेल्याला चालत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले आफ्रिकन वंशाच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी लिहिलेले असतात. त्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत सहज पोहोचत नाही, त्यामुळे 'दोन-तीन आठवड्यांतून एकदा धुवा' हे तिथं बरोबर आहे. आपले केस बहुधा सरळ किंवा लाटेदार असतात. तेल लवकर खाली उतरतं, त्यात आपल्याकडचा घाम आणि रस्त्यावरची धूळ. सात ते दहा दिवसांतून एकदा धुणं हेच आपल्याला मानवतं. 'धुतले की सुटतात' ही समजूतही सोडा. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ केस एकमेकांत अडकतात. न धुतल्यानं लॉक घट्ट होत नाही, फक्त घाण होतो.

आधी आत काय आहे ते पाहा

उपाय करण्याआधी एक साधी चाचणी करा. पूर्ण वाळलेल्या केसांतला मानेजवळचा एक जाड लॉक निवडा. मानेजवळचाच, कारण सगळ्यात कमी पाणी तिथं पोहोचतं. स्टीलचा नको, काचेचा ग्लास घ्या, त्यात कोमट पाणी भरा आणि लॉकचं टोकाकडचं बोटभर अंतर त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. मग पाण्याच्या आतच तो लॉक चिमटीत दहा-बारा वेळा दाबा आणि सोडा. शाम्पू अजिबात लावायचा नाही.

पाण्यावर बारीक फेस आला आणि बोटांना बुळबुळीत लागलं, तर मागच्या धुण्याचा शाम्पूच आत आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार, कारण तो पाण्यात विरघळतो. नुसतं पाणी आणि चिकाटी पुरते.

फेस नाही, पण पाणी दुधट झालं किंवा पांढरे कण तरंगले, तर तो जड पाण्याचा साका आहे. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचा संयोग होऊन हा थर बनतो. बादलीच्या आतल्या बाजूला जी पांढरी खरखरीत कड चढते, तिच्यातही हाच असतो. हा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कितीही खळखळून धुतलं तरी जात नाही. उलट त्याच पाण्यानं धुतलं की वाढतो.

पाणी स्वच्छ राहिलं, पण लॉक हाताला मेणासारखा लागतोय आणि नखानं खरवडल्यावर पिवळसर-करडा गोळा निघतोय, तर ते मेण किंवा पेट्रोलियम जेली आहे. लॉक्स करताना कुणीतरी लावलेली असणार. पाणी राखाडी झालं, तर धूळ आणि कपड्यांचा धागा. आणि लॉक ओला होताक्षणी न वाळलेल्या कपड्यांसारखा वास आला, तर आत बुरशी धरली आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

कोंडा आणि साका यांत गल्लत होते. कोंड्याचे पापुद्रे टाळूवर असतात, खाज असते. साका टाळूपेक्षा लॉकच्या अंगावर, विशेषतः वळणांत आणि टोकांत दिसतो आणि त्याला खाज नसते. प्रश्नातल्या वर्णनावरून तुमच्याकडे शाम्पू आणि साका दोन्ही असावेत असं वाटतं, आणि कुबट वास न वाळल्याचा आहे. पण चाचणी करूनच ठरवा.

पाणी

पाण्याकडे कुणी पाहत नाही, आणि खरी मेख तिथंच असते. पुण्यात खडकवासल्याचं किंवा मुंबईत तलावांचं नळाला येणारं पाणी बरंच मऊ असतं. त्याच सोसायटीत एप्रिलमध्ये टँकर सुरू झाला किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळलं, की तोच शाम्पू, तीच पद्धत आणि तरी लॉक्स पांढरट. मग बिचाऱ्या शाम्पूला दोष. मराठवाडा-विदर्भात बोअरवर राहणाऱ्यांना हे वर्षभर सोसावं लागतं.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. तो पाण्यातले सगळे क्षार मोजतो, साधं मीठसुद्धा. आपल्याला त्रास फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे. त्यापेक्षा ही चाचणी बरी: पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली पाणी जवळजवळ नितळ असेल, तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी ताकासारखं फुटलेलं दिसलं, तर जड. या चाचणीला साबणच लागतो. शाम्पू किंवा डिटर्जंट जड पाण्यातही फेसाळतो, त्यामुळे फसगत होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा लॉक्ससाठी चांगलंच जड असू शकतं.

सगळी अंघोळ मऊ पाण्यानं करायची गरज नाही. शेवटच्या दोन बुडव्यांपुरतं, म्हणजे लॉक्स बादलीत दोनदा बुडवून काढण्यापुरतं, दहा लिटर मऊ पाणी मिळालं तरी पुष्कळ फरक पडतो. पाणी उकळून, रात्रभर स्थिर ठेवून, वरचं अलगद ओतून घेतलं तर जडपणाचा एक भाग तळाशी बसतो, सगळा नाही. पावसाळ्यात, पहिले दोन-चार पाऊस गच्ची धुऊन गेल्यावर धरलेलं पागोळीचं पाणी तर फुकटचं मऊ पाणी आहे.

शाम्पू निवडताना

वडीचा साबण, मग तो 'नैसर्गिक' असो की 'हातानं बनवलेला', जड पाण्यात लॉक्सवर वापरू नका. साका होण्यासाठी लागणारा कच्चा माल तोच. परदेशात ड्रेडलॉक्ससाठी मुद्दाम विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वड्या हे साधे साबणच असतात आणि मऊ पाण्यात त्या ठीक चालतात. वडी थेट लॉक्सवर घासण्याचा प्रकार मात्र कुठल्याच पाण्यात नको, तिचे तुकडे विणीत अडकतात.

शाम्पूच्या बाटलीमागची यादी वाचा. नावात 'डायमेथिकोन' किंवा 'अमोडायमेथिकोन' असेल तर ते सिलिकोन. 'पॉलिक्वाटर्नियम' किंवा 'ग्वार हायड्रॉक्सीप्रॉपिलट्रायमोनियम' असेल तर ते केस मऊ करणारं पॉलिमर. या पॉलिमरची गंमत लक्षात घ्या. बाटलीत ते विरघळलेलं असतं. पाणी मिसळून शाम्पू पातळ होऊ लागला की ते वेगळं होऊन केसांवर बसतं. ते तसंच बनवलेलं आहे. मोकळ्या केसांना त्यानं मऊपणा येतो. लॉकमध्ये मात्र तुम्ही जितकं पाणी घालाल तितकं ते आत बसत जातं. म्हणून टू-इन-वन, 'स्मूद', 'सिल्की' असलं काही नको. 'ग्लायकॉल डिस्टिअरेट' दिसलं की ती मोतिया चमक. तीही टाळा. 'रेसिड्यू-फ्री' हा शब्द बाटलीवर छापायला फारसं काही लागत नाही, यादीच वाचा. साधा, सिलिकोन नसलेला, पाण्यासारखा पारदर्शक शाम्पू पुरे. यादीत 'डायसोडियम ईडीटीए' किंवा 'टेट्रासोडियम ईडीटीए' असेल तर जड पाण्यात थोडी मदतच होते. कंडिशनर लॉक्सना लावायचाच नाही.

रिठा चालतो का, हे हमखास विचारलं जातं. चालतो, आणि चांगला चालतो, कारण रिठ्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो आणि त्याचा जड पाण्यात साबणासारखा साका होत नाही. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा आणि गार झाल्यावर दोनदा मलमलीतून गाळा. डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो, तेव्हा मान मागे. शिकेकाईसुद्धा फक्त गाळलेला काढा म्हणूनच वापरा. शिकेकाईची पूड, बेसन, मुलतानी माती, मेथीची पेस्ट, जास्वंदीचा लगदा, कोरफडीचा गर यांपैकी काहीही लॉक्समध्ये घालू नका. आजीच्या मोकळ्या केसांना जे मानवलं ते इथं आत जाऊन बसतं, मग चिमट्यानं कण वेचत बसावं लागतं.

धुण्याची पद्धत

लागणारं सामान: एक मोठी बादली, एक मग, सॉसची चिंचोळ्या तोंडाची बाटली, एक जुना पंचा, बसायला स्टूल. ओले लॉक्स बरेच जड होतात, वाकून उभ्यानं वीस मिनिटं काढली तर मान धरते. पाणी कोमट, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ऊन लागेल पण चटका बसणार नाही इतकं. गार पाण्यात तेल सुटत नाही. कढत पाण्यानं टाळू कोरडी पडते आणि नवे लॉक्स विस्कटतात.

आधी पूर्ण भिजवा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि निम्मं नुकसान तिथंच होतं. कोरडा लॉक जे पहिलं द्रव मिळेल ते आत ओढून घेतो. ते साधं पाणी असेल तर आतली जागा पाण्यानं भरते, मग शाम्पू वरवर राहतो. अर्धवट कोरड्या लॉकवर शाम्पू पडला तर तोच गाभ्यापर्यंत शोषला जातो. तेव्हा बादलीत लॉक्स बुडवून निदान तीन मिनिटं ठेवा. वरचे बुडबुडे यायचे थांबले आणि हातात धरल्यावर लॉक सगळीकडे सारखा जड लागला की भिजला असं समजा. जाड लॉक्सना पाच-सहा मिनिटंही लागतात.

मग शाम्पू. पूर्ण डोक्याला १० ते १५ मिली, म्हणजे दोन ते तीन चहाचे चमचे. तो सॉसच्या बाटलीत ४०० मिली पाण्यात पातळ करून घ्यायचा. तळहातावर घट्ट शाम्पू घेऊन डोक्यावर थापणं बंद करा. तो जिथं पडेल तिथं गोळा होऊन बसतो. बाटलीचं तोंड दोन लॉक्समधल्या भांगावर टेकवून थोडं थोडं सोडत जा, कपाळापासून मानेपर्यंत, ओळीनं. बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, टाळू दोन-तीन मिनिटं चोळा. घाण आणि तेल मुख्यतः टाळूवर असतं. लॉक्सच्या अंगाला वेगळा शाम्पू लावायचा नाही. टाळूवरून उतरणारा फेस मुठीत धरून वरून खाली दाबत न्यायचा, बस्स. कपडे घासतो तसे दोन हातांत चोळायचे नाहीत, त्यानं वरचे केस सुटून गुंतवळ होते. फेस कमी आला म्हणून आणखी शाम्पू घेऊ नका. फेस कमी म्हणजे तेल जास्त. ही फेरी धुऊन टाका आणि निम्म्या शाम्पूनं दुसरी फेरी करा.

आता खळखळणं. शाम्पूला तीन मिनिटं लागली असतील तर याला दहा-बारा मिनिटं द्या. आधी शॉवर किंवा मगानं सरळ बसून टाळूवरचा फेस उतरवा. मान पुढे झुकवून धुतलं तर मानेवरचे लॉक्स धुवायचे राहून जातात, म्हणून एकदा पुढे झुकून आणि एकदा मागे टेकून, दोन्ही बाजूंनी. मग बादलीच्या बुडव्या. पाच लिटर स्वच्छ कोमट पाणी, लॉक्स आत, दोन मिनिटं थांबायचं, पाण्याखालीच प्रत्येक झुपका मुठीत दाबायचा-सोडायचा, बाहेर काढून वरून खाली दाबत पाणी काढायचं, बादली ओतायची, पुन्हा ताजं पाणी. असं तीनदा.

पंधरा लिटर एकदम का नाही, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दाबून काढल्यावरही खांद्यापर्यंतच्या लॉक्समध्ये साधारण ३०० मिली पाणी उरतं असं धरू. एकदाच पंधरा लिटरमध्ये बुडवलं तर आतला साबण सुमारे एक्कावन्नाव्या हिश्शावर येतो. तेच पाणी पाच-पाच लिटर करून तीनदा वापरलं तर प्रत्येक वेळी सतरा-अठरावा हिस्सा उरतो, आणि तीन वेळांनंतर पाच हजारात एक भागसुद्धा उरत नाही. पाणी तेवढंच, फरक शंभरपट. प्रत्यक्षात गाभा इतका गुणी नसतो, पूर्ण अदलाबदल व्हायला वेळ लागतो. म्हणूनच दोन मिनिटं थांबणं आणि दाबणं यांत चालढकल नको. शॉवरखाली नुसतं उभं राहिल्यानं दहा मिनिटांत याहून कितीतरी जास्त पाणी जातं, पण ते लॉकच्या अंगावरून निघून जातं, आत शिरत नाही. शॉवरच वापरायचा असेल तर पाण्याखाली एकेक लॉक दाबत या.

थांबायचं कधी? तिसऱ्या बुडवीनंतर सगळ्यात जाड लॉक त्याच काचेच्या ग्लासावर धरून मुठीनं दाबा. पडणारं पाणी नितळ हवं आणि ग्लास हलवल्यावर कडेला फेसाची रेघ राहायला नको. रेघ राहिली तर चौथी बुडवी. दोन लॉक्स बुंध्याशी चिकटून एक झालेले असतील, किंवा टोकं बोथट करून आत वळवलेली असतील, तर चाचणी तिथलीच घ्या.

शेवटी आम्ल. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे साधं किंवा सफरचंदाचं व्हिनेगर, किंवा पाव चहाचा चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, सायट्रिक ॲसिड. हे लॉक्सवर ओतून दोन मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्यानं काढा. केसाचं वरचं आवरण मिटतं आणि जड पाण्याचा ताजा थर सैल होतो. लिंबू पिळायचं असेल तर गाळून, रेषा आत राहता कामा नयेत. टाळूवर ओरखडे असतील तर या आठवड्यात आम्ल नको.

साचलेलं काढायचं कसं

तुमच्या चाचणीत फेस आला असेल तर पुढच्या धुण्याला शाम्पू आणूच नका. नुसत्या कोमट पाण्याच्या पाच-सहा बुडव्या द्या. बादलीत फेस दिसेल, तोच तुमचा जुना शाम्पू. एका दिवसात सगळा निघाला नाही तर चार दिवसांनी पुन्हा.

साका असेल तर क्रम महत्त्वाचा आहे: आधी आम्ल, मग थोडा शाम्पू, मग पाणी. पाच लिटर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड, लॉक्स दहा मिनिटं आत, टाळू शक्यतो पाण्याबाहेर. आम्लानं साक्यातलं कॅल्शियम सुटतं, पण मागे स्निग्ध आम्ल उरतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. नुसतं आम्ल वापरून थांबलं तर लॉक पांढरा दिसायचा बंद होतो आणि मेणचट मात्र राहतो. म्हणून लगेच वर सांगितल्याप्रमाणे पातळ शाम्पूची एक फेरी आणि तीन बुडव्या. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा-तीनदा केलं की बहुतेक निघतं.

खाण्याच्या सोड्याचं कौतुक जरा जास्तच झालं आहे. तेल आणि घाम साचला असेल तर तो कामाचा आहे: आठ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, दहा मिनिटं, सहा महिन्यांतून एकदा. पण साक्यावर तो काहीही करत नाही, आणि जड, गरम पाण्यात तर त्याचा स्वतःचाच पांढरा साका बसू शकतो. दर महिन्याला सोडा वापरणाऱ्यांचे लॉक्स वर्षभरात टोकाला ठिसूळ होतात. केस रंगवलेले किंवा ब्लीच केलेले असतील तर अजिबात नको. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारं मिश्रण ओतण्याचे व्हिडिओ दिसतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी सोडा, मग भरपूर पाणी, मग व्हिनेगर.

मेणाचं दुखणं वेगळं आहे. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. त्या तापमानाचं पाणी डोक्यावर घेता येत नाही, म्हणजे 'गरम पाण्यानं मेण काढा' हा सल्ला भाजण्याचा आहे. वरचा थर थोड्या पातळ तेलानं मऊ करून, पुसून, शाम्पूच्या दोन-तीन फेऱ्यांनी कमी होतो. गाभ्यातलं मेण लॉक उलगडल्याशिवाय निघत नाही. पुढच्या वेळी मेण लावू देऊ नका, इतकंच.

तेलाचंही सांगतो. टाळू कोरडी असेल तर दोन-चार थेंब बोटाच्या टोकानं भांगांत, लॉक्सवर नाही. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते लॉकच्या आत थिजतं आणि धूळ धरून ठेवतं.

कोंडा असेल आणि त्वचारोगतज्ज्ञांनी २ टक्के केटोकोनाझोल शाम्पू दिला असेल, तर तो बाटलीत पातळ करू नका, ताकद जाते. भांगांत बोटानं लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि मग वरच्याच पद्धतीनं काढा.

गोव्यात किंवा कोकणात समुद्रात जाऊन आलात तर आधी दोन बुडव्या गोड्या पाण्याच्या, मगच शाम्पू. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर असतं, खारट लॉकवर साबण लावला की साका जागच्या जागी तयार. वाळूही त्या बुडव्यांत बादलीच्या तळाला बसते. पोहण्याच्या तलावात उतरण्याआधी मात्र उलट करा: साध्या पाण्यानं लॉक्स भरून घ्या, क्लोरीनचं पाणी आत कमी शिरतं.

वाळवणं

हे धुण्याचाच भाग आहे. सकाळी धुवा, रात्री कधीच नाही. पंच्यात एकेक लॉक गुंडाळून मुठीनं दाबा, पंचा ओला झाला की दुसरा घ्या. कपड्यासारखा पीळ द्यायचा नाही, त्यानं बुंधा बारीक होतो. नव्या टर्किश टॉवेलचे धागे सुटून आत जातात, त्यापेक्षा शंभरदा धुतलेला पंचा बरा. मग उन्हात किंवा पंख्याखाली, लॉक्स मोकळे सोडून. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, मुळाशी आणि जाड भागांवर वीस मिनिटं. वरून कोरडा दिसणं म्हणजे वाळणं नव्हे. लॉक वरच्या ओठावर टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे. तोपर्यंत बांधायचं नाही, टोपी नाही, हेल्मेट नाही. ओल्या लॉक्सवर हेल्मेट घालून तासभर गाडी चालवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. कोकणात जुलैमध्ये दिवसभरातही वाळत नाहीत. तेव्हा पूर्ण धुणं दहा-बारा दिवसांवर न्या आणि मधे फक्त टाळू, पातळ शाम्पूत पिळलेल्या सुती फडक्यानं भांगाभांगातून पुसून, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा पुसून घ्या.

मुळं घट्ट करायची किंवा क्रोशाचं काम करायचं असेल तर ते धुऊन, पूर्ण वाळल्यावरच. साका आत असताना सुई मारली तर तो विणीत पक्का बसतो, मग आम्लही तिथं पोहोचत नाही.

हे सगळं ठरवून केलेल्या, सुट्या लॉक्ससाठी आहे. कंगवा न फिरवता आपोआप चिकटून एकसंध झालेली, देवीची म्हणून भीतीनं राखलेली जट असेल, तर ती अशी धुता येत नाही. आत पाणी शिरतच नाही, शिरलं तर वाळत नाही. ती सोडवणं किंवा कापणं हाच उपाय, आणि घरात त्याची भीती असेल तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजावून सांगायलाही येतात.

आता बुरशी. धुऊन पूर्ण वाळवल्यावरही एखाद्या लॉकचा वास ओला होताच परत येत असेल, तर तो भाग दोन बोटांनी उकलून पाहा. आत राखाडी किंवा काळपट, भुकटीसारखं दिसलं तर धुऊन उपयोग नाही, पृष्ठभाग स्वच्छ होईल आणि गाभा तसाच राहील. खराब भागाच्या वर बोटभर अंतर सोडून लॉक कापा आणि उरलेल्याचं टोक क्रोशानं बंद करा. बाकीच्या लॉक्सना व्हिनेगरचं पाणी देऊन, ड्रायरनं पूर्ण वाळवून, उशीचा अभ्रा बदला. टाळूवर ओल, खपली किंवा दुखणारे फोड असतील तर हे काही न करता आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.